राणी अयोध्येची नसेलही, शुभदा

शुभदा,

रविवारी तुझी शोकसभा झाली. मराठी मंडळाने देवळाखालचा हॉल घेतला होता, समोर तुझा तो निळ्या साडीतला फोटो, आणि बापटकाका माइक धरून म्हणाले, "शुभदाने आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. बापटकाका! मंडळाचे अध्यक्ष! दीड वर्ष तुझं नाव काढलं की ज्यांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा व्हायचा ते बापटकाका! त्यांच्यानंतर एक बाई उठल्या आणि तू किती शांत, किती मितभाषी होतीस ते सांगायला लागल्या. मितभाषी! माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने डोळे पुसले. मला तर ओरडावंसं वाटत होतं. माणूस जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत आणि इथे त्याची पोथी तयार व्हायला लागली होती.

सगळं आटोपल्यावर दारापाशी चपला शोधत होते, तेव्हा मिसेस हो दिसल्या. आपल्या रस्त्याच्या टोकाला ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणाऱ्या कोरियन बाई, त्याच. काळा कोट, काळी पर्स, भाषणातलं एक अक्षर कळलेलं नाही, तरी शेवटपर्यंत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "युअर फ्रेंड, व्हेरी रूड वूमन." आणि मग, "आय मिस हर."

त्या दुपारी एवढंच काय ते खरं बोललं गेलं.

रूड तर तू पहिल्या दिवसापासून होतीस. २००१ साली आयसेलिनच्या त्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये भेटलीस, तेव्हा मी पुण्याहून परदेशात येऊन जेमतेम स्थिरावले होते. मी आपली ओळख करून द्यावी म्हणून म्हटलं, पुण्याला फार मोठा इतिहास आहे. तू वॉशरमध्ये साबण ओतता ओतता म्हणालीस, "कोणत्या गावाला लहान असते?" नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवत होतीस म्हणे. हेमंतच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीसाठी, लहानग्या लेकीला घेऊन माझ्या कितीतरी आधी आलीस, तुझ्या व्हिसावर काम करता येत नव्हतं, आणि मग शिकवायला वर्ग नाही म्हणून तू भेटेल त्याला शिकवत सुटलीस. त्यात मी सगळ्यात जवळ राहत होते, हे माझं नशीब.

पुढच्याच वर्षी माझी नोकरी गेली. माझ्या व्हिसावर मी आणि माझा नवरा संजय दोघंही इथे होतो. सगळे येऊन सांगत होते, अगं मिळेल, होईल सगळं ठीक, तू इतकी हुशार. तू आलीस, चहा घेतलास आणि म्हणालीस, "मिळेलच असं काही नाही. न मिळाली तर सामानातलं आधी काय विकायचं, ते ठरवून ठेवू." मी तुला घरातून जा म्हटलं. तू गेली नाहीस. सोफ्याला किती येतील, गाडीला किती येतील यावर बोलत बसलीस, आणि मजा म्हणजे त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. पुढे मुलाखतींना तूच तुझ्या त्या खडखडणाऱ्या व्हॅनमधून न्यायचीस. मी आत, तू पार्किंग लॉटमध्ये पुस्तक घेऊन. बाहेर आले की पहिला प्रश्न, "काय चुकलं?" नोकरी मिळाली त्या दिवशीसुद्धा हाच प्रश्न विचारलास. यावर तुझे आभार कसे मानायचे, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

आणि मग ती राणी आली.

मिसेस हो यांच्या दुकानात आपण दोघीच गेलो होतो, माझे कोट घेऊन. तुझ्या कपाळावरची टिकली बघून त्या काउंटरमागून बाहेरच आल्या. "यू इंडिया? माय ग्रँडमदर, इंडिया!" मला वाटलं, असेल कुणी मिशनरी वगैरे. तू विचारलंस, कुठलं गाव? त्या म्हणाल्या, अयुता. कधी आल्या तुमच्या आजी कोरियात? मिसेस हो यांनी शांतपणे सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी.

मी हसू दाबायला पाठ फिरवली. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलीस, आणि पुढची दोन वर्षं आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

आता मला ती सगळी गोष्ट पाठ आहे, तुझ्याच कृपेने. कोरियाच्या दक्षिण टोकाला नदीकाठी गाया नावाचं राज्य कसं झालं त्याची. तिथे राजा नव्हता, नऊ गावांचे नऊ मुखिया होते. एके दिवशी टेकडीवरून आवाज आला, इथे कुणी आहे का? आहोत, म्हणाले. मग माती उकरा, नाचा, गाणं म्हणा. गाणंही कसलं, तर कासवाला दम देणारं, डोकं बाहेर काढ नाहीतर भाजून खाऊ. मग आकाशातून दोरीने एक सोन्याची पेटी खाली आली, तिच्यात सहा सोन्याची अंडी. अंड्यांतून सहा मुलगे निघाले. पहिला निघाला तो सुरो, गायाचा राजा. उरलेले पाच आजूबाजूच्या पाच राज्यांचे. आणि काही वर्षांनी समुद्रातून लाल शिडाचं गलबत आलं. त्यात अयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या, हो ह्वांग-ओक. लाटा शांत राहाव्यात म्हणून बरोबर दगड घेऊन आलेली. राजाने माणसं पाठवली, चला राजवाड्यात. ती म्हणाली, मी तुम्हांला ओळखत नाही, अशी कशी मागे येऊ? शेवटी राजालाच बाहेर येऊन डोंगराजवळ तंबू ठोकावा लागला.

"आडनाव हो, आणि पहिला शब्द नाही," तू म्हणाली होतीस. "मला ही पोरगी आवडून राहिली." तुझं तोंड असं उजळलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

एवढ्यावर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? पण २००६च्या गणपतीत मंडळात हेच नाटक करायचं, असं तूच ठरवलंस. तूच लिहिलंस. मला राणी केलंस, हेमंतला राजा. तुझ्या गॅरेजमध्ये कोंबडीच्या जाळीवर वर्तमानपत्रं चिकटवून माणूस मावेल एवढं अंडं केलंस, आणि बाकीची पाच फुग्यांवर भागवलीस. नऊ मुखियांपैकी तालमीला कधी नऊ आलेच नाहीत, ऑफिसात कुणाचं ना कुणाचं प्रॉडक्शन रिलीज असायचंच. आणि माझं ते एक वाक्य! 'मी तुम्हांला ओळखत नाही.' मी ते जरा हळुवार म्हणायचे, तर तू गॅरेजच्या दारातून ओरडायचीस, "लाजून काय राहिली? बँकेतल्या उर्मट माणसाशी बोलतेस तसं बोल!"

तिकडे बापटकाका खूश होते. त्यांनी मिसेस हो यांना, त्यांच्या चर्चमधल्या मंडळींना आमंत्रण दिलं, आणि कार्यक्रमपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापायला टाकलं: 'अयोध्येच्या कन्येने घडवलेल्या राष्ट्राची गाथा.' तू ते खोडलंस. त्यांनी परत घातलं. तू फोन केलास. त्यांचं म्हणणं, "अगं, लोकांना अभिमान वाटतो. कुणाचं काय जातंय?" तुझं म्हणणं, "काका, खरं जाते ना."

अयुता म्हणजे अयोध्याच कशावरून, हा तुझा मुद्दा. त्या काळात त्या नगराला साकेत म्हणत. कुणी म्हणतं दक्षिणेतलं बंदर, कुणी म्हणतं सयाम, कुणी म्हणतं भिक्षूंनी नंतर घुसडलेलं नाव. आणि गोष्ट आज आपल्याला वाचायला मिळते ती राणीनंतर बाराशे वर्षांनी एका भिक्षूने जपून ठेवली म्हणून. हे सगळं तू मला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात भाजी घेताना सांगितलंस. मी म्हटलं, मग राज्य कसं झालं? तू म्हणालीस, "लोखंडाने. तिथल्या जमिनीत लोखंड होतं, नदी होती, जहाजं यायची. चारी बाजूंचे लोक लोखंड न्यायला यायचे. राजकन्या आली नसती तरी राज्य झालंच असतं." आणि मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्यास, जणू प्रश्न मिटला.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत उभी होते. डोक्यावर तो जड मुकुट, अंगावर तुझंच शालूचं ब्लाउज. शाळेचं सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत मिसेस हो, गुलाबी रेशमी पोशाखात, केसांना पिना लावून, शेजारी त्यांचे पाद्री आणि सगळी वडीलधारी मंडळी. पडदा उघडायच्या आधी तू माइक घेतलास. मला वाटलं, आभार मानशील.

तू आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगितलंस की पत्रिकेवर छापलेलं वाक्य लेखिकेचं नाही. ही राणी अयोध्येची होती याला पुरावा नाही. ती भारतातली होती यालाही नाही. मुळात ती होती का, हेही सांगता येत नाही. "गोष्ट सुंदर आहे म्हणून करतोय. खरी आहे म्हणून नाही. धन्यवाद."

शुभदा! एखादी यजमानीण पाहुण्यांना पानावर बसवून म्हणते का, की भाजी शिळी असू शकेल?

मिसेस हो यांच्या शेजारचा मुलगा त्यांच्या कानात भाषांतर करत होता, आणि त्यांची मान ताठ होत गेलेली मला विंगेतूनही दिसली. मग पडदा उघडला, हेमंतचा मुकुट अंड्यात अडकला, लोक हसले, आणि प्रयोग कसाबसा पुढे सरकला. माझं वाक्य मात्र असं काही बसलं की पूर्वी कधी बसलं नव्हतं. 'मी तुम्हांला ओळखत नाही.' मी ते राजाकडे बघून म्हटलंच नाही. विंगेत तू उभी होतीस, तुझ्याकडे बघून म्हटलं.

पार्किंग लॉटमध्ये आपण भांडलो तसं मी आयुष्यात कुणाशी भांडले नाही. संजय आणि हेमंत अंडं व्हॅनच्या टपावर बांधत होते आणि आपल्याकडे बघायचं टाळत होते. मी म्हटलं, "त्या बाईला तिच्या आजीच्या नाटकाला बोलावून आजीच नव्हती म्हणतेस? इतकी माणुसकी नाही तुझ्यात?" तू म्हणालीस, "नव्हती नाही म्हटलं. माहीत नाही म्हटलं. फरक असते." मी म्हटलं, "आज लाखो लोक स्वतःला त्या राणीची लेकरं म्हणवतात. तिच्या आडनावाचे हो आणि राजाच्या आडनावाचे किम आपसात लग्नंसुद्धा करत नाहीत, एका आईची मुलं म्हणून. तुझ्या लोखंडाने हे होतं का? लोकांनी विश्वास ठेवला म्हणून ते एक झाले. मग ती गोष्टच राज्याचा पाया झाली की नाही?" तू पर्समधून चावी काढलीस. मग म्हणालीस, "विचार करून सांगते," आणि व्हॅनमध्ये बसून निघून गेलीस.

बापटकाकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. मिसेस हो यांनी तुझे कपडे घेणं बंद केलं. दुकानाच्या पाटीवर 'ओपन' आणि तुला बघून म्हणायच्या, क्लोज्ड. तरी तू दर आठवड्याला जात राहिलीस. हेमंतचा एकच शर्ट घेऊन, नाक वर करून. शेवटी एक दिवस त्यांनी तो तुझ्या हातातून ओढून घेतला, म्हणाल्या, कॉलर व्हेरी डर्टी. हे मला हेमंतने सांगितलं, कारण मी तेव्हा तुझ्याशी बोलत नव्हते.

मी हिवाळाभर बोलले नाही. तू फोन केला नाहीस, माफी मागितली नाहीस, कुणाकरवी निरोप नाही. आणि बर्फ वितळायला लागल्यावर एक दिवस दारात उभी. हातात चिवड्याचा डबा, बूट काढतानाच सुरू, "तर मी काय म्हणून राहिले होते, विश्वास आधी की राज्य आधी, हे बघावं लागेल." जणू मी मधे फक्त पाणी आणायला आत गेले होते! मला इतका संताप आला की मी चहा टाकला.

त्या वादाचं उत्तर तू दिलंच नाहीस. त्या उन्हाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं, आणि तपासण्यांचं चक्र सुरू झालं.

आजारपणातही तू कुणाला सुखाने काळजी करू दिली नाहीस. बायका डबे घेऊन यायच्या, म्हणायच्या, काही होत नाही गं, तू फायटर आहेस. तू अंथरुणातून विचारायचीस, "हे कोण म्हणालं? डॉक्टर तर असं नाही म्हणाले." बिचाऱ्या डबा ठेवून पळायच्या. मी मग काही म्हणायचंच सोडून दिलं. तुझे पाय चेपत बसायचे आणि तू मला गायाच्या शेवटाची गोष्ट सांगायचीस. शेजारच्या सिल्लाने ते राज्य गिळलं, लोखंड गेलं, जहाजं गेली, पण राजघराणं सिल्लात मानाने राहिलं आणि राणीची गोष्ट राहिली. मी म्हटलं, "बघ, म्हणजे माझंच खरं." तू डोळे मिटून म्हणालीस, "आता तू आजाऱ्याशी वाद घालून राहिली?" हे तुझं पळ काढणं होतं, शुभदा. दुसरं काही नाही.

फेब्रुवारीत एकदा दुपारी, हेमंत औषधं आणायला गेला होता, तेव्हा तू माझं मनगट पकडलंस. तुझी नखं रुतली. म्हणालीस, "मेधा, मला भीती वाटून राहिली. खूप." मी काय बोलणार? नको वाटू देऊ म्हटलं असतं तर तू मला हाकललं असतंस. मी म्हटलं, "वाटणारच." बाहेर बर्फ उपसणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. मग तू दहीभात मागितलास, दोन घास खाल्लेस, आणि मीठ कमी आहे म्हणालीस.

यापुढचं मला तुला सांगायचं आहे, कारण ते तुला माहीत नाही. खरं म्हणजे माहीत आहे, आणि तू मला सांगितलं नाहीस.

काल इरा मला किराणा आणायला घेऊन गेली. हेमंत दुकानात जातच नाही आता. सतरा वर्षांची तुझी पोरगी, नवं लायसन्स, तुझी व्हॅन. सामान भरून झालं, ती चावी लावून तशीच बसली. मला म्हणाली, "मावशी, बाबा सगळ्यांना सांगतो, शी वॉजन्ट स्केअर्ड. तू खूप वेळ असायचीस तिथे. टेल मी. वॉज शी?"

हेमंतने मला आधीच विनवलं होतं, इराला काही सांगू नकोस. पण प्रश्न तुझ्या मुलीने विचारला होता, तुझ्याच व्हॅनमध्ये बसून. मी म्हटलं, "हो. खूप घाबरली होती."

इरा समोरच्या सराफाच्या दुकानाकडे बघत राहिली, तिथे कुणीतरी मंगळसूत्रं निवडत होतं. मग ती म्हणाली, "मी विचारलं होतं तिला. हॉस्पिटलमध्ये. ती म्हणाली, नाही बेटा, मला भीती नाही वाटत. अजिबात नाही."

शुभदा! अगं बाई! मला एक सांगायचं, पोरीला एक सांगायचं, आणि आपण निघून जायचं! निदान मला सांगून तरी ठेवायचं होतंस. मी आता तुझ्या मुलीसमोर काय करून बसले होते?

"शी लाइड?" इरा म्हणाली. "माय मॉम? मावशी, मी पाच वर्षांची होते तेव्हा तिने मला सांगितलं होतं, दात नेणारी टूथ फेअरी नसते म्हणून. मी सगळ्या किंडरगार्टनला रडवलं होतं." ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला आणि तिने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, शुभदा. शोकसभेत नाही, स्मशानात नाही. काल रडली. हॉर्नवर कपाळ दाबलं जाऊन तो वाजत राहिला, लोक वळून बघायला लागले, आणि मी तिची पाठ धरून बसले.

मग तिने नाक पुसलं आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "फॉर मी?"

मी म्हटलं, "हो. तुझ्यासाठी."

तिने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. आरसा न बघताच.